गुरुवारचं पान

माईंसमोर जायचं म्हणून शालनने कपाळाला कुंकू लावलं. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पण सासूबाईंच्या डोक्यात ते टिकत नव्हतं. सुरुवातीला शालन खरं सांगायची, आणि माई दर वेळी नव्याने ऊर बडवून घ्यायच्या. शेवटी तिने सांगणंच सोडलं.

मुलगा घरी आल्याशिवाय माई गुरुवारचा उपास सोडत नसत. “उशीर होणार आहे त्यांना, तुम्ही बसा,” असं सांगताना शालनलाही ते घटकाभर खरं वाटायचं.

आज मात्र पान वाढताच माई जेवू लागल्या.

“माई, ह्यांच्यासाठी थांबायचं नाही?”

“कुणासाठी गं?”

“तुमच्या मुकुंदासाठी.”

माई गोड हसल्या. “मला कुठला गं मुकुंद! तुझा मालक का? कधी यायचाय?”

आता ह्या घरात त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. शालनने पदराने कपाळ पुसलं.

“नाही यायचे ते, माई. गेले.”

“अगं बाई,” माई म्हणाल्या, आणि त्यांनी भातावर थोडी आमटी मागितली.