हातावरचं दही

ट्रक सुरूच होता. निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यातून आम्ही परदेशी स्वयंसेवक आज कायमचे निघालो होतो. जाणारा सुखरूप पोचावा म्हणून त्याच्या हातावर दही घालायची माझी सवय इथं सगळ्यांना ठाऊक होती. आज ते आमच्या इथल्याच नर्सनं, आचोलनं माझ्या हातावर घातलं. मग आपलाही तळवा पुढं केला.

“अगं, निघालेय मी. तू कुठं चाललीस?”

“ताई, तुमच्याबरोबर दवाखान्याच्या छपरावरचा तुमच्या संस्थेचा झेंडाही जाणार. त्याला बिचकूनच बंदूकवाले टेकडीपलीकडं थांबले होते.”

मी वळून पाहिलं. धूर टेकडीच्या अलीकडं होता.

मी तिच्या हातावर दही घातलं. ती बाजूला झाली. तिच्यामागं बोचकी घेतलेल्या बायका तळवे पसरून उभ्या होत्या, पार फाटकापर्यंत.

वाडग्यात चमचाभर दही उरलं होतं.