चौकटीतला हात

आज मनगटही दिसत होतं.

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. मधोमध पांढरं डेझीचं फूल, पाकळ्यांवरच्या बारीक रेघाही मोजता याव्यात इतकं जवळून घेतलेलं. आणि उजव्या कडेला फुलावर उजेड पाडायला पांढरा पुठ्ठा धरलेला एका बाईचा हात. काल नुसती बोटं होती, त्यातल्या एकात निळ्या खड्याची अंगठी. आज मनगट, त्यावर नाजूक पट्ट्याचं घड्याळ.

बाबा आंघोळीला गेले होते. जाताना कॅमेरा नेहमीसारखाच तिच्या लॅपटॉपशेजारी विसरले होते. चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधणारा माणूस तो. त्यांनी कॅमेरा कुठे टाकला याचं नवल कोण करणार?

आई गेल्यापासून ती भाषांतराचं काम घरूनच करत होती. भाजी दाराशी यायची, औषधं दाराशी यायची. खिडकीचे पडदे ओढलेले असायचे, कारण उजेड स्क्रीनवर पडायचा. टेबलाला तीन खुर्च्या होत्या. भिंतीकडची आईची. तिथे अजून कुणी बसत नव्हतं.

बाबा बाहेर आले. भांग पाडलेला, शर्टाला इस्त्री.

"कुठे निघालात?"

"पोस्टात."

"आज रविवार आहे, बाबा."

"हो का? मग खरंच बंद आहे का, ते बघून येतो."

"आणि पोस्टात जायला कॅमेरा लागतो?"

"वाटेत एखादं फूल दिसलं तर? आज मस्त ढगाळ आहे. कडक ऊन पडलं ना, की फूल पांढरंफटक येतं. मग वर पातळ कापड धरावं लागतं."

"कोण धरतं?"

"काय?"

"कापड. पुठ्ठा. तुमचे दोन्ही हात तर कॅमेऱ्याला असतात."

"धरतं गं कुणीतरी," बाबा म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा खिशात शोधू लागले.

ते गेल्यावर तिने मावशीला फोन लावला.

"बाबांचं कुठेतरी पाणी मुरतंय, मावशी."

"मुरू दे की. या वयात मुरतंय हेच खूप."

"चेष्टा नको. आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही."

"मग मला काय विचारतेस?" मावशी म्हणाली. " मला इथून दिसतंय का? जा आणि डोळ्यांनी बघून ये."

ही आईची सख्खी बहीण. हिने तरी चिडायला हवं होतं. हिलाही सामील करून घेतलंय की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिचा तिलाच राग आला.

पुढच्या फोटोत कोपर आलं. मग खांदा, त्यावर रुळणारे पिकू लागलेले केस. मग हनुवटी. फुलं बदलत होती, जास्वंद, झेंडू, कसलीशी जांभळी रानफुलं. तिचं लक्ष फुलांकडे नव्हतंच. फोटो बघून झाला की ती भिंतीकडच्या खुर्चीकडे बघायची. एक दिवस निळ्या खड्याचा हात त्या खुर्चीच्या पाठीवर टेकणार, आणि बाबा म्हणणार, बसा ना. तेव्हा आपण काय करायचं? उठून जायचं? कुठे?

हनुवटीनंतर फोटो यायचे थांबले. चेहरा काही आला नाही.

शेवटी एका सकाळी बाबांनी जिन्याचं दार लोटलं आणि ती उठली. चपला कपाटाच्या तळाशी, धुळीत सापडल्या. रस्त्यावर आल्यावर उजेडाने डोळ्यांत पाणी आलं. तिने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि बाबांच्या निळ्या शर्टावर नजर ठेवली.

कोपऱ्यावर बाबा वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. ती विजेच्या खांबामागे सरकली. पुढच्या चौकात पुन्हा नाडी. मागे कुणी आहे का, याचा अंदाज घेत असणार. इतकं जपायचं म्हणजे नक्कीच काहीतरी होतं.

बाबा एका रोपवाटिकेत शिरले. तीही मागोमाग शिरली आणि वेलींच्या कुंड्यांआड उभी राहिली. वर पांढरी जाळी ताणलेली होती, त्यातून मऊ उजेड झिरपत होता. पाचसहा माणसं कॅमेरे घेऊन फुलांपुढे ओणवी झाली होती. बाबा पालथ्या कुंडीवर स्वस्थ बसलेले, कॅमेरा गळ्यात, डोळे फाटकाकडे.

आणि त्यांच्याजवळ ती बाई. निळा खडा, नाजूक घड्याळ, पिकू लागलेले केस. अखेर चेहरा. साधा, उन्हात रापलेला. ती एका टक्कल पडलेल्या गृहस्थाला समजावत होती.

"श्वास रोखा, मग बटण दाबा. पाकळी धूसर आली तरी चालेल, मधले केसर स्पष्ट यायला हवेत. आणि पुठ्ठा धरणाऱ्याचा हात फोटोत येता कामा नये. नवशिक्यालासुद्धा ही पहिली गोष्ट सांगते मी. हात आला की बघणाऱ्याचं फुलावरचं लक्ष उडालंच."

हे ऐकून कुंड्यांआड ती भडकली. पहिली गोष्ट! मग बाबांच्याच फोटोत कसा येतो? रोज, आणि रोज थोडा जास्त? फूल नुसतं निमित्त होतं तर.

वाटभर जुळवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं, आईला काय वाटलं असतं, बाबा? ती कुंड्यांआडून बाहेर आली आणि सरळ त्या दोघांसमोर जाऊन उभी राहिली.

बाई दचकली नाही. तिने हिला नखशिखांत न्याहाळलं आणि हसून बाबांकडे वळली.

"आली बरं का हो. तुम्ही म्हणालात तशीच, रागावून."

बाबांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तसा शर्टाच्या टोकाने पुसू लागले.

"जरा उन्हात चल, जरा उन्हात चल, म्हणून किती विनवलं हिला," ते त्या बाईंना म्हणाले. "म्हटलं, बोलावून येत नाही ना, तर माझ्यावर पाळत ठेवायला तरी येईल."