आतला खिसा

एचआयव्ही असलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ताई आम्हा दुकानदारांच्या बैठकीत आल्या. मागणं एवढंच, की संस्थेची पाटी दुकानाच्या काचेवर लावू द्या. सगळ्यांनी चहाच्या कपात माना घातल्या. बेकरीवाले काका मात्र ताडकन उठले.

"असले लोक गल्लीत यायला लागले तर गिऱ्हाईक फिरकणार नाही!"

"माझ्या लाँड्रीला लावा," मी म्हणाले. "बघू कोण फिरकत नाही ते."

मला कसली भीती? संस्थेच्या दारात जायला जे बिचकतात, त्यांच्या गोळ्या वर्षभर माझ्याकडेच येतात. इस्त्रीच्या कपड्यांत, आतल्या खिशात पाकीट ठेवून मी ज्याचं त्याला देते. कुणाला पत्ता लागत नाही. इस्त्रीचे पैसे मात्र सोडत नाही.

दुपारी काचेवर पाटी लागली. संध्याकाळी, दुकानात कुणी नाही असं बघून, काका आत आले.

"माझा कोट झाला का गं?"

मी कोट त्यांच्या हातात दिला. "नेहमीसारखा आतला खिसा तपासून घ्या, काका. आणि माझी काळजी सोडा. पाटी लावूनही गिऱ्हाईक आलंच की!"