सैल केबल

“काका, हँडब्रेक लावून गाडी कोण चालवतं?” मागचं चाक उतरवत मेकॅनिकने विचारलं.

“मी नाही,” ते म्हणाले.

“मग काय भूत चालवतं?” जळून काळे पडलेले ब्रेकचे लायनर त्याने तळहातावर घेऊन पुढे केले. “वास बघा. घोड्याचे पाय बांधायचे आणि वरून चाबूक ओढायचा, तसं चाललंय हे. हँडब्रेकची केबल सैल होती म्हणून गाडी पुढे सरकत तरी होती. ब्रेक लावलाय हे दाखवणारा आतला लाल दिवाही गेलाय. कळणार कुठून?”

मुलगी शेजारी उभी होती. तिने लायनरकडे पाहिलं नाही, वडिलांकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी चाकातून धूर येताना बघून तिला फोन केला होता आणि ती रजा टाकून दुसऱ्या गावाहून आली होती. धूर का आला ते तिने येतानाच मनाशी ठरवलं होतं.

“केबल ताणून देतो,” मेकॅनिक म्हणाला. “पण आता ब्रेक घट्ट बसेल हं, काका. लावलेला विसरलात तर गाडी जागची हलायची नाही.”

काम झाल्यावर त्यानेच गाडी रस्त्यावर आणली आणि चालू ठेवूनच त्यांच्या हवाली केली. घराच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेकची दांडी वर ओढली, इंजिन बंद केलं.

“किल्ली माझ्याकडे द्या, बाबा.”

“एखाद वेळी राहिलं असेल.”

“एखाद वेळेने लायनर जळत नाहीत. आई गेल्यापासून तुम्ही विसरायला लागलात. मी तिकडे, तुम्ही इकडे. उद्या कुणाच्या अंगावर घातलीत तर?”

त्यांनी मूठ उघडली नाही.

घर चढावर होतं, टोकाच्या जरा खाली; गाडी वळवायची तर आधी टोकापर्यंत चढवावी लागे. बस वरपर्यंत येत नसे आणि त्यांचे गुडघे खालपर्यंत जाऊ देत नसत. गाडी होती म्हणून वाचनालय होतं. तिथली बाई पुस्तकावर शिक्का मारताना “हे वाचलंय ना तुम्ही?” असं विचारायची, ते “पुन्हा वाचतो” म्हणायचे. बऱ्याच दिवशी तेवढंच बोलणं व्हायचं. किल्ली गेली की तेही गेलं.

दुपारभर ते खिडकीशी बसून होते. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्याचा काना-मात्रा न सोडणाऱ्या माणसाने आता स्वतःचीच चूक शोधायला घेतली. पट्टा. आरसा. किल्ली. क्लच. गिअर. पुन्हा पहिल्यापासून. सगळं आयुष्यभर केलं तसंच होतं, कुठे काही सुटलेलं दिसेना. तशी गाळलेली ओळ एकट्याला सापडत नाही. मूळ प्रत मोठ्याने वाचणारा जोडीदार समोर लागतो. छापखान्यात ते नव्या माणसाला हेच शिकवत.

चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला. “एकदा शेजारी बसून बघ. चुकलो तर किल्ली तुझी.”

“नक्की?”

“शब्द देतो.”

मुलगी आईच्या जागेवर बसली. त्यांनी पट्टा लावला, आरसा नीट केला, किल्ली फिरवली. क्लच दाबून गिअर टाकला. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या चढावर.

“हं, सोड,” ते म्हणाले.

“काय सोडू?”

त्यांचा पाय क्लचवरून उचलला गेला होता. गाडी जागच्या जागी थरथरली आणि बंद पडली.

दोघंही दांडीकडे बघत राहिले. ती वर होती.

या चढावर पहिलीवहिली गाडी आणली तेव्हा ती निघताना मागे घसरायची आणि त्यांना घाम फुटायचा. हात चाकावर, पाय कामात, दांडी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तो बायकोने दिला. ते “सोड” म्हणायचे, ती दांडी खाली करायची. पुढे चढाची भीती गेली, गाडीही बदलली, वाटणी तशीच राहिली. वर ओढणं त्यांचं, खाली करणं तिचं. छापखाना चालत जाण्याएवढा जवळ, त्यामुळे गाडी बाहेर काढायची ती दोघांनी मिळूनच. ती गेल्यावर शेजारची जागा रिकामी झाली. रिकाम्या जागेला “सोड” कोण म्हणणार? शब्द तोंडातून आला नाही आणि दांडी खाली गेली नाही.

मागच्या सीटवर बसून लहानाची मोठी झालेली मुलगी तोंडावर हात धरून बसली होती. तो शब्द तिने किती वेळा ऐकला होता, याला गणती नव्हती.

“चुकलो,” ते म्हणाले. किल्ली काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली. मग, गाडी जाणारच तर निदान हे एक काम पुरं करावं, म्हणून दांडी धरून खाली दाबली. ती जाईना. पंजाने दाबली. उठून अंगाचा भार टाकला. वर ओढायला नुसता जोर पुरत होता, तसाच जोर ते खालच्या दिशेने लावत होते. दांडी ढिम्म.

मुलीने त्यांचा हात धरून थांबवला. किल्ली परत त्यांच्या मुठीत दिली.

“विसरायला आधी यावं लागतं, बाबा,” ती म्हणाली. “टोकाला बटण आहे. ते दाबा.”