उशीवरचा बोका

दारातच त्याने खिशातून दम्याचा पंप काढला आणि बहिणीच्या हातात कोंबला.

"हा तुझ्याकडे ठेव, ताई. माझ्याजवळ राहिला तर ओढेन मी."

एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. डोळे लाल झाले होते, आणि काळ्या स्वेटरवर सगळीकडे पांढरे केस चिकटले होते.

"हे काय अंगावर?" तिने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"बोका. परत आणला. किराणावाला द्यायलाच तयार नव्हता, लळा लागलाय म्हणे त्याला. आता रोज मी उशीवर घेऊन झोपतोय." तो रक्त घ्यायच्या खुर्चीत बसला आणि बाही वर सारली. "अशी बघू नकोस. मागच्या खेपेला मी ठणठणीत होऊन आलो, तेव्हाचं तुझं तोंड पाहिलंय मी."

मागच्या खेपेला तो प्रयोगशाळेचा जिना धडाधड चढून आला होता. बोका देऊन टाकल्यापासून पंपाला हातसुद्धा लावला नाही, असं त्याने हौसेने सांगितलं होतं. ती "अरे वा" म्हणाली होती, पण चेहरा पडला तो पडलाच. बऱ्या झालेल्या भावाचं रक्त तिच्या काय कामाचं?

तिचं सगळं काम चिमूटभर पांढऱ्या भुकटीवर अडलं होतं. घेवड्याच्या बियांतून काढलेलं लेक्टिन. पेशींच्या अंगावर साखर असते, तिला जाऊन चिकटणारं प्रथिन. ॲलर्जीवाल्या माणसाच्या रक्तात काही पेशी फार तापट असतात. नको ती गोष्ट समोर आली, की पोटातलं सगळं बाहेर ओततात, आणि माणसाचा जीव घुसमटतो. लेक्टिन आधीच जाऊन चिकटलं तर त्या गप्प राहतील, असं तिचं म्हणणं होतं. अजून नुसतं म्हणणंच. गप्प करायला आधी भडकणाऱ्या पेशी लागतात, आणि भावाच्या पेशींइतक्या तापट दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या. मागच्या खेपेला त्याही जागच्या हलल्या नाहीत. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, की महिनाअखेर आकडे दाखव, नाहीतर फ्रीजमधला तुझा कप्पा रिकामा कर. लेक्टिन आता एका प्रयोगापुरतं उरलं होतं.

"आधी पंप ओढ," ती म्हणाली.

"ओढला की पेशी दबतात. तूच सांगितलंस."

"मी काय, वाटेल ते सांगते."

"मग आता पट्टा बांध."

तिने दंडाला रबरी पट्टा बांधला. शीर सापडेना. पहिली सुई वाया गेली.

"मला विचार की," तो म्हणाला. "प्लंबर आहे मी. भिंतीतला पाइप... बाहेरून सांगतो." तो हसायला गेला आणि खोकल्याने पार वाकला.

दुसऱ्या वेळी सुई बरोबर बसली. नळी भरू लागली. अशा दोन नळ्या लागत. एकीत पेशी पुरत नाहीत, हे आता त्यालाही पाठ झालं होतं.

तिची नजर नळीवर होती, पण कान त्याच्या छातीकडे. शिट्टी वाढली होती. प्रत्येक श्वासाला खांदे वर चढत होते. ओठांचा रंग उतरला होता. पेशी चांगल्याच भडकल्यात, तिच्या मनात आलं, आज आकडे मिळणार. आणि तिला बरं वाटलं. पाठ केलेलाच प्रश्न पेपरात आल्यावर वाटतं, तसं अगदी मनापासून बरं वाटलं. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

पहिली नळी भरली. तिने ती स्टँडमध्ये ठेवली आणि दुसरी उचलली. तो काहीतरी बोलला. नुसते ओठ हलले, आवाज आलाच नाही.

तिने पट्टा सोडला, सुई उपसली, कापूस दाबला. रिकामी नळी एप्रनच्या खिशात टाकली आणि त्याच खिशातून पंप काढून त्याच्या तोंडाला लावला.

"ओढ. ओढ म्हणते ना, गाढवा! परत. अजून एकदा."

बऱ्याच वेळाने शिट्टी खाली आली. ओठांवर रंग परतला. ती त्याची पाठ चोळत उभी होती, लहानपणी आई चोळायची तशी.

"दोन्ही झाल्या?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"झाल्या."

"बघच आता, कसल्या भडकतात."

"हो. गप्प बस जरा."

मग त्याने डोळे उघडले. स्टँडमध्ये एकच नळी होती. त्याने तिच्या खिशाकडे पाहिलं. रिकाम्या नळीचं झाकण वर डोकावत होतं. त्याने कोपरावरचा कापूस नीट दाबून धरला.

"ताई," तो म्हणाला, "मग बोका राहू दे का अजून थोडे दिवस?"

"नको," ती म्हणाली. पण लगेच नाही.