वर्तन समाधानकारक

"ही सही तुमचीच ना, सर?"

महानंदाने कागद पुढे केला. निवृत्त मुख्याध्यापक विश्वेश्वर सरांनी चष्मा लावला. वर शाळेचं नाव, खाली इंग्रजीत टाइप केलेल्या पाच ओळी, तारीख जून १९९४ ची. शिवकुमार यांनी आमच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात दोन वर्षं वॉर्डन म्हणून काम केलं, त्यांचं वर्तन समाधानकारक होतं, त्यांना शुभेच्छा.

"माझीच," सर म्हणाले.

महानंदा होसकोट्याहून दोन बस बदलून बनशंकरीला आली होती. तिकडे ती अंध मुलींचं वसतिगृह चालवायची. मूळची निपाणीची. दारात मराठी ऐकून सरांच्या पत्नी हरखल्या आणि विचारायच्या आधीच त्यांनी कॉफी आणून ठेवली. महानंदाने कपाला हात लावला नव्हता.

"माणूस कसा होता, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय," ती म्हणाली.

शिवकुमारने हिच्याकडे अर्ज केलेला दिसतो, सरांनी ओळखलं. बाई निदान विचारायला तरी आली. सरकारी कचेरीत शिपाई नेमायचा तर पोलीस त्याच्या गावी जाऊन विचारपूस करतात. मुक्या, आंधळ्या लेकरांजवळ रात्रंदिवस राहणाऱ्या माणसाची तशी चौकशी करायला कुठलाच कायदा भाग पाडत नव्हता. जुन्या साहेबाचं एक पत्र असलं की काम भागायचं. आत्ताही "बरा होता" एवढं म्हटलं की ही बाई उठून गेली असती. ते शब्द सरांच्या जिभेवर आलेसुद्धा.

पण त्यांना यल्लव्वा आठवली.

"अक्का, ते दार स्वल्प लोटून घ्या," ते म्हणाले. "आमच्या घरात हे ठाऊक नाही."

महानंदाने दार लोटलं.

यल्लव्वा नऊ वर्षांची होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. नुकती कुठे पाटीवर स्वतःचं नाव काढायला लागली होती. एका सकाळी स्वयंपाकीण ठकुबाई तिला हाताला धरून सरांच्या खोलीत घेऊन आली. खिडकीतून शिवकुमार अंगणात उभा दिसत होता. पोरीने त्याच्याकडे बोट केलं. मग दाराला कडी घातल्याची खूण केली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. सरांना सगळं समजलं. मुलांच्या खुणा वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"पोलिसांत गेला नाहीत?" महानंदाने विचारलं.

"नाही गेलो. नव्या इमारतीचं उद्घाटन पंधरा दिवसांवर आलं होतं. विश्वस्त म्हणाले, गाजावाजा नको, शाळा बुडेल. पोरीची साक्ष कोण समजून घेणार, असंही म्हणाले. मी समजून सांगू शकलो असतो. मीच एकटा सांगू शकलो असतो." सर थांबले. "त्याला राजीनामा द्यायला लावला. तो रडला, म्हणाला, मला दोन लेकरं आहेत, पोटावर पाय आणू नका. त्याच दुपारी हे पत्र लिहून दिलं. तो एकदाचा डोळ्यांसमोरून जावा, एवढंच मला हवं होतं."

"आणि यल्लव्वा?"

"बाप येऊन घेऊन गेला. त्याला आम्ही सांगितलं, पोरीला इथलं पाणी मानवत नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. चार वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. निवृत्तीच्या समारंभात लोक त्यांच्याविषयी भरभरून बोलले, तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती. लोकांना तो विनय वाटला. आता बोलून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटतंय याचीच लाज वाटली.

"हे सगळं पोलिसांसमोर सांगाल?" महानंदाने विचारलं. "लिहून द्याल?"

"देईन. तेव्हाच द्यायला हवं होतं. तुम्ही म्हणाल त्या ठाण्यात येतो."

"नक्की ना, सर?"

"नक्की. यल्लव्वासाठी मी काही केलं नाही. निदान तुमच्या मुली तरी वाचू देत." ते पुढे वाकले. कितीतरी दिवसांनी त्यांनी समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं. "अक्का, हात जोडून सांगतो. त्या माणसाला कामावर घेऊ नका."

महानंदाने तोंडाला पदर लावला.

"परवा आमच्या एका मुलीनं सांगितलं, तेव्हा मला कळलं," ती म्हणाली. "त्याला कामावर घेऊन तीन वर्षं झाली, सर."