कळवायचं की नाही

"मी जात नाही," फोन ठेवल्या ठेवल्या धाकटीने एका दमात सांगून टाकलं. आई पलंगावर उशीला टेकून लेकीच्याच कोटाला जाड अस्तर लावत होती.

धाकटी पक्ष्यांची अभ्यासक. पार उत्तरेला, जिथे उन्हाळाभर सूर्य मावळत नाही, अशा एका ओसाड किनाऱ्यावर घरटी मोजायचं काम तिला मिळालं होतं. त्यासाठी पोरीने जिवाचं रान केलं होतं. पण तिथे विमान एकदा सोडून जातं ते हंगाम संपल्यावरच न्यायला येतं. मधे आभाळ कोसळलं तरी परतीची सोय नाही. म्हणून तिथे नेणाऱ्या लोकांची एक रीत आहे. निघण्याआधी प्रत्येकाला विचारून ठेवतात, मागे घरचं कुणी गेलं तर वायरलेसवर कळवायचं, की परत आल्यावर?

आईच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. उन्हाळा निघणं कठीण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला तर सगळ्यांच्या आधीपासून.

आणि घरच्यांची तऱ्हा तर विचारूच नका. शेजारीण दारातच डोळे पुसायला लागायची. शिलाई मशीन कुणाकडे जाणार, हे मावशीने आईच्या देखत विचारून घेतलं. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आईला चहा कडक लागायचा हो. आई समोर बसून तोच चहा पीत असायची. आता यावर हसावं की रडावं?

फोनवर विचारलेला तो प्रश्न धाकटीने आईला सांगितला. सांगता सांगता तिला हुंदका आवरेना. कळवलं तर तिथे एकटी वेडी होईन, म्हणाली, आणि नाही कळवलं तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. त्यापेक्षा जायलाच नको.

आईने सुई बाजूला ठेवली आणि तिला जवळ ओढून बसवलं.

"जा तू. आणि कळवू नका म्हणून सांग त्यांना."

"अगं आई, तू गेलीस हे मला कळणारसुद्धा नाही. मी तिथे तुला दाखवायला म्हणून पिसं गोळा करत बसेन."

"तेच तर हवंय मला," आई म्हणाली. "इथे सगळ्यांनी मला आत्ताच पोचवून टाकलंय. मी गेले तरी तुझ्याजवळ मला उन्हाळाभर जगू दे गं."